पथक मागायचंच तर चार जणांचं मागा

२०३० ची राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला होणार हे ठरल्यापासून ओळखीपाळखीतल्या पोरापोरींचे फोन सुरू झालेत. "ताई, व्हॉलंटियर कसं व्हायचं? भारताच्या संघाबरोबर ड्युटी मिळेल का?" मिळेल न मिळेल, ते पुढचं. पण माझं ऐकाल तर भारत मागू नका, आणि इंग्लंड-ऑस्ट्रेलियाच्या तर वाटेलाही जाऊ नका. ज्याचं नाव पहिल्यांदा म्हणताना जीभ अडखळते आणि ज्याचं अख्खं पथक एका इनोव्हात मावतं, असा देश मागा.

मी स्वतः काही तो मागितला नव्हता. वाट्याला आला. ऑक्टोबर २००८, पुण्यातली युवा राष्ट्रकुल स्पर्धा. १२ ते १८ तारीख, ९ खेळ, ७० च्या आसपास देश आणि बालेवाडीचं क्रीडा संकुल. जिकडे तिकडे जिगर नावाचा वाघाचा बछडा रंगवलेला. मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते. आईनं विचारलं, "पैसे देणारेत का?" नाही म्हटल्यावर दुसरा प्रश्न आलाच नाही, नुसता 'हं' आला. मैत्रिणींना मोठमोठे देश मिळाले. माझ्या हातातल्या चिठ्ठीवर पॅसिफिक महासागरातलं एक बेट होतं. त्याचं नाव इथं देत नाही. तिथली वस्तीच एवढीशी की 'तो पुण्याला गेलेला मुलगा' म्हटलं की घर सापडेल.

पथक चार जणांचं. दोन मुलं वेटलिफ्टर, एक मुलगी शंभर मीटर धावणारी, आणि एक गृहस्थ. ते गृहस्थ पथकप्रमुख, तेच व्यवस्थापक, तेच तिन्ही मुलांचे प्रशिक्षक. एरवी तिकडे शाळेत पी.टी. शिकवायचे. मी त्यांना 'कोच' म्हणायचे, तेही मला 'कोच' म्हणायला लागले. का ते दोन दिवसांत कळलं.

मोठ्या देशाच्या पथकात प्रत्येक कामाला माणूस असतो. सामानाला वेगळा, प्रवेशिकांना वेगळा, डॉक्टर वेगळा, मसाजवाला वेगळा. तिथं व्हॉलंटियरनं काय करायचं? पाण्याचे खोके मोजायचे आणि हसायचं. माझ्या एका मैत्रिणीनं आठवडाभर एका लिफ्टपाशी उभं राहून काढला. मला मात्र पहिल्याच सकाळी नोंदणीच्या बैठकीला जावं लागलं, कारण कोच एकटे आणि कागद सतरा. प्रत्येक खेळाडूचं नाव, जन्मतारीख, गट तपासायचा. मग झेंड्याचा नमुना बघून सही करायची आणि राष्ट्रगीत ऐकून हेच बरोबर असं लिहून द्यायचं. छोट्या देशांचे झेंडे दिसायला एकमेकांसारखे असतात, त्यामुळे ही सही नुसती शोभेची नाही. कोच डोळे मिटून हेडफोनवर राष्ट्रगीत ऐकत होते, आणि मागे रांगेत उभा असलेला एक मोठा देश घड्याळाकडे बघत होता.

वेळेचा हिशेब आधी समजून घ्या. त्या बेटाचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेसहा तास पुढे. म्हणजे आपले पहाटेचे तीन वाजले की पोरं टक्क जागी आणि भुकेली, आणि आपल्या संध्याकाळी सहाला त्यांची मध्यरात्र उलटलेली. पहिल्या रात्री मी फळं आणि ब्रेड मागून खोलीत ठेवला नसता तर पोरं पहाटे जेवणघराच्या दारावर जाऊन बसली असती. हे कुठल्याही प्रशिक्षण वर्गात सांगत नाहीत. नकाशा उघडा, आपल्या देशाचं घड्याळ काढा, आणि दोन्ही वेळा शेजारी शेजारी लिहून खिशात ठेवा.

आता माझी चूक. दोघा वेटलिफ्टरांपैकी धाकट्याची स्पर्धा चार वाजता, असं कागदावर होतं. मी अडीचची गाडी सांगितली आणि निवांत जेवायला बसवलं सगळ्यांना. वेटलिफ्टिंगमध्ये वजनं घ्यायला स्पर्धेच्या दोन तास आधी सुरुवात होते आणि तासाभरात काटा बंद होतो, हे मला ठाऊकच नव्हतं. दोन ते तीन. त्या तासात खेळाडू काट्यावर उभा राहिला नाही तर चार विमानं बदलून आला काय आणि चालत आला काय, बाद. आणि कोच? त्यांनी वेळेचं सगळं माझ्यावर सोडलेलं. दीड वाजता शेजारच्या बेटाचा प्रशिक्षक ताट घेऊन आमच्याजवळून गेला, थांबला आणि म्हणाला, "तुम्ही अजून इथे?" मग जी पळापळ झाली ती आठवली की अजून पोटात गोळा येतो. काट्यावर पोरगा चारशे ग्रॅम जास्त भरला. बरं झालं लवकर पोचलो. तासाच्या आत कितीही वेळा परत उभं राहता येतं. त्यानं दोन टी-शर्ट चढवून, वर माझं विंडचीटर घालून ऑक्टोबरच्या उन्हात मैदानाला फेऱ्या मारल्या. तिसऱ्या खेपेला काटा जमला.

तेव्हापासून माझा नियम: स्पर्धेची वेळ ही वेळच नव्हे. कुस्तीत-बॉक्सिंगमध्ये वजन, धावण्यात कॉल रूम (शर्यतीआधी हजेरी लावायची खोली), पोहण्यात वॉर्म-अप, त्या त्या खेळाचं आधीचं दार किती वाजता बंद होतं ते शोधा आणि गाडी त्यावरून लावा. नियमपुस्तिका फुकट मिळते. रात्री तासभर वाचली तरी तुम्ही निम्म्या लोकांच्या पुढे असता.

त्या दिवशी हॉलमध्ये बसून जे बघितलं त्यानं माझ्या डोक्यातलं बरंच काही बदललं. वेटलिफ्टिंग म्हणजे ताकद, एवढंच मला माहीत. पण आत सरावाच्या जागेत अंकगणित चाललेलं असतं. बारवरचं वजन चढतच जातं, त्यामुळे आपल्या आधी कोण किती उचलणार आणि आपल्या पाळीला अजून किती उचली बाकी आहेत, हे मोजून पोराला गरम ठेवायचं. पुढचं वजन बदलायचं तर टेबलापाशी जाऊन कार्डावर लिहायचं, तेही शेवटच्या तीस सेकंदांची घंटा व्हायच्या आत. मोठ्या देशांचे तीन-तीन लोक हे करतात. एक मोजतो, एक टेबलाशी, एक पोरापाशी. आमचे कोच एकटेच तिन्हीकडे धावत होते. माझ्या गळ्यातल्या कार्डाला आत प्रवेश नव्हता, मी प्रेक्षकांत. आणि मग दिसलं, तोच दुपारचा शेजारी प्रशिक्षक टेबलाशी उभा राहून कोचना बोटांनी खुणा करतोय, अजून चार, अजून तीन. त्याचा स्वतःचा खेळाडू त्या गटात नव्हताच.

छोट्या देशांची ही भावकी असते. पॅसिफिकमधले बरेच वेटलिफ्टर ऑस्ट्रेलियाचे पॉल कॉफा यांच्या हाताखाली एकाच संस्थेत तयार झालेत, त्यामुळे झेंडे वेगळे पण ताट एक. त्यातलाच नाऊरू, २१ चौरस किलोमीटरचा देश. तिथल्या मार्कस स्टीफननं राष्ट्रकुल स्पर्धांत वेटलिफ्टिंगची ७ सुवर्णपदकं घेतली, आणि आम्ही बालेवाडीत होतो तेव्हा तो त्या देशाचा राष्ट्राध्यक्ष होता. दोन वर्षांनी दिल्लीत नाऊरूच्या युकिओ पीटरनं ७७ किलो गटात सुवर्ण घेतलं. तेव्हा 'छोटा देश आहे बिचारा' असा सूर कुणाकडून आला तर मी टोकिओ ऑलिंपिकची आठवण करून देते. २०२१ मध्ये आपल्या पैलवान दीपक पुनियाचं ब्राँझ शेवटच्या काही सेकंदांत ज्यानं हिरावलं तो मायल्स अमीन युरोपातल्या चिमुकल्या सान मारिनोचा. पाच खेळाडूंचं पथक आलं होतं आणि तीन पदकं घेऊन गेलं.

आपणही कधीतरी असेच होतो. कोचनी एकदा विचारलं, भारताचं पहिलं पथक केवढं होतं? मला उत्तर येईना. घरी जाऊन शोधलं. १९२० चं अँटवर्प ऑलिंपिक, डेक्कन जिमखान्यावर दोराबजी टाटांनी मैदानी स्पर्धा पाहिल्या आणि तिथून हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं निघाली. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये १९ वे आले. मी रोज डेक्कनला बस बदलायचे आणि मला हे एका परक्या माणसामुळे कळलं.

आणखी एक प्रसंग, कारण याची तयारी कुणीच करत नाही. स्पर्धा संपल्यावर धाकट्याचं नाव उत्तेजक चाचणीला निघालं. घाबरायचं कारण नसतं, नाव असंही निघतं. नमुना किमान ९० मिलिलिटर लागतो. सकाळपासून वजनासाठी पाणी घोटभरच प्यालेला आणि मग घामानं निथळलेला पोरगा कुठून देणार? आणि अल्पवयीन मुलाबरोबर आपला मोठा माणूस हवा. कोच आत गेले. बाहेर उरलेली दोन मुलं, तीन बॅगा आणि मी. अडीच तास. शेवटची बस गेली. मी वाहतूक कक्षात जाऊन भांडले नाही, नुसती काउंटरसमोर उभी राहिले, आणि पंचवीस मिनिटांत गाडी मिळाली. आवाज न चढवता उभं राहणं हे या धंद्यातलं अर्धं कौशल्य आहे, आणि पेठेत वाढलेल्या माणसाला ते शिकायला वेळ लागतो.

आता व्यवहाराचं, पटकन. अर्ज साधारण वर्ष-सव्वा वर्ष आधी आयोजकांच्या संकेतस्थळावर निघतात. अर्जाला पैसे लागत नाहीत, मागणारा भामटा समजा. गणवेश, ड्युटीवरचं जेवण आणि शहरातला प्रवास मिळतो. राहायचं आणि तिथवर पोचायचं आपलं आपण. अर्जात 'राष्ट्रीय पथक सेवा' या अर्थाचा विभाग असतो, तो पहिल्या पसंतीला लिहा, नाहीतर तिकिटं फाडायला पाठवतील. पॅरिसला २०२४ मध्ये ४५ हजार व्हॉलंटियर होते, म्हणजे गर्दीचा विचार करा. भाषा येत असेल तर वर जाता. आफ्रिकेतली कितीतरी छोटी पथकं फ्रेंच बोलतात, तेव्हा पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जाऊन फ्रेंचच्या दोन पायऱ्या चढलात तर वाया जात नाहीत. सरावाला राष्ट्रीय स्पर्धा आहेतच. २०२३ मध्ये गोव्यात महाराष्ट्राचा केवढा जथ्था होता, पण शिकायचं असेल तर केंद्रशासित प्रदेशांच्या छोट्या पथकांपाशी जा. पगारी नोकऱ्या असतात, पण ठरावीक मुदतीच्या. समारोपानंतर थोड्याच दिवसांत टेबल रिकामं करायचं. मी त्यावर पंधरा वर्षं काढली, पण दर दोन वर्षांनी बेकार व्हायची तयारी ठेवून.

धाकटा आठवा आला. सहापैकी पाच उचली चांगल्या. त्यांच्याकडे त्या वयात तेवढं वजन आधी कुणी उचललेलं नव्हतं, म्हणजे तो त्यांचा राष्ट्रीय विक्रम, पण तो मान्य व्हायला अधिकाऱ्याच्या सहीचा निकालाचा कागद लागतो. दुसऱ्या दिवशी कोच तो कागद छातीशी धरून आले. म्हणाले, आमच्याकडे कागद टिकत नाही, खारी हवा खाते. मी त्यांना बाणेरला एका झेरॉक्सवाल्याकडे नेलं.

दुकानदारानं कागद बघितला, बोट फिरवत आठव्या ओळीवर आला. "पहिला कोण?"

"यांचा आठवा."

"मग लॅमिनेट कशाला करताय?"

"काय म्हणतोय?" कोचनी विचारलं.

"किती प्रती करायच्या, विचारतोय."

"तीन," ते म्हणाले.