सीझनच्या आधी: काट्याचं सॉफ्टवेअर माऊसशिवाय चालतं करण्याची तयारी

दसरा झाला की हिंगणघाट, वणी, पांढरकवड्याकडच्या जिनिंगांच्या फाटकावर कापसाच्या गाड्या लागायला सुरुवात होते. दिवाळीनंतर तर गाड्यांचं वजन करणाऱ्या काट्यावर बसलेल्या पोराला मान वर करायची फुरसत नसते. त्याच्या टेबलावर दिवसभर रुईचे तंतू उडत असतात. माऊसच्या पोटात एक जरी तंतू अडकला, तरी बाण जागच्या जागी थरथरतो आणि बाहेरून आवाज येतो, "भाऊ, लौकर काढा ना काटापट्टी, बैलं उभे हायेत!" म्हणून काट्याचा प्रोग्राम नुसत्या कीबोर्डवर चालता करण्याचं काम सप्टेंबरातच हातावेगळं करा. गाड्या लागल्यावर चालत्या प्रोग्रामला हात लावायचा नसतो.

सगळ्यात आधी, कोडला हात लावण्यापूर्वी, काट्यावर जाऊन बसा आणि काटापट्टी, म्हणजे वजनाची चिठ्ठी, कोणत्या क्रमाने भरली जाते ते कागदावर लिहा. गाडी समोर उभी असते, म्हणून बहुतेक ठिकाणी गाडी नंबर पहिला. मग शेतकऱ्याचं नाव, गाव आणि भरल्या गाडीचं वजन. कापूस उतरवून तीच गाडी परत येते तेव्हा खाली (रिकाम्या गाडीचं) वजन घ्यायचं, आणि फरक म्हणजे निव्वळ कापूस. या दुसऱ्या फेरीकडे आपण प्रोग्रामर फार दुर्लक्ष करतो. थांबलेल्या गाड्यांच्या यादीत माऊसने खालीवर करत शोधण्यापेक्षा नंबरचे शेवटचे चार आकडे टाकून एंटर मारला की ती गाडी उघडली पाहिजे. एवढं एक केलंत तरी रांग हलते.

तो कागद समोर ठेवूनच टॅबचा क्रम, म्हणजे टॅबची कळ दाबल्यावर कर्सर कुठून कुठे जातो तो, लावा. विंडोज फॉर्म्समध्ये (विंडोजचे फॉर्म बनवायच्या मायक्रोसॉफ्टच्या साधनात) रकाने ज्या क्रमाने टाकले त्याच क्रमाने टॅबइंडेक्स, म्हणजे टॅबचा नंबर, मिळत जातो. त्यामुळे मागाहून घातलेला मोबाइल नंबरचा रकाना दिसतो नावाखाली, पण टॅब तिथे पोचतो सगळ्यात शेवटी. व्हिज्युअल स्टुडिओ या कोड लिहायच्या प्रोग्रामच्या व्ह्यू मेनूत टॅब ऑर्डर उघडलं की आकडे रकान्यांवरच दिसतात. तिथेच दुरुस्त करा. फॉर्म बनवायला क्यूटी हे दुसरं साधन वापरत असाल तर त्यात सेटटॅबऑर्डर आहे. काट्याच्या इंडिकेटरकडून (वजनाचा आकडा दाखवणाऱ्या डब्याकडून) आपोआप येणारं वजन बंद रकान्यात ठेवू नका, फक्त वाचता येईल असं ठेवा. बंद रकान्यावर फोकस (कर्सर) जात नाही, मग स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारा प्रोग्राम) वापरणाऱ्याला ते वजन ऐकताच येत नाही.

एंटरचं काय करायचं ते आधी ठरवा. विंडोजची रीत अशी की एंटर म्हणजे मुख्य बटण आणि एस्केप म्हणजे रद्द. पण आपल्याकडचे मुनीम टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर वाढलेले. त्यांचा हात एंटरने पुढच्या रकान्यात जातो आणि कंट्रोल-ए ने नोंद पक्की करतो. माझं मत स्पष्ट आहे: काटापट्टीच्या फॉर्मवर एंटरने पुढे जाऊ द्या, टॅबही चालू ठेवा, आणि जतन करायला वेगळी कळ द्या. नाहीतर अर्धवट पट्ट्या छापल्या जातील. खोडण्याचा प्रश्न विचारणाऱ्या खिडकीत मात्र आधीपासून निवडलेलं बटण 'नाही' हेच असावं, कारण घाईत एंटर दोनदा दाबला जातोच.

ऑल्टच्या कळांत मराठीची खरी गोम आहे. विंडोज फॉर्म्समध्ये बटणाच्या नावातल्या अक्षराआधी अँपरसँड (&) टाकला की ऑल्टसोबत ते अक्षर चालतं. डब्ल्यूपीएफ या मायक्रोसॉफ्टच्याच दुसऱ्या साधनात त्याजागी अंडरस्कोर (_). पण 'जतन करा' मधला ज कुठे शोधायचा? इन्स्क्रिप्ट या मराठी कळमांडणीत तो पीच्या कळीवर, उच्चाराप्रमाणे टाइप करणाऱ्या फोनेटिकवाल्याचा आणखी कुठे, आणि तालुक्याच्या दुकानात मिळणाऱ्या कीबोर्डवर छापलेली अक्षरं तर इंग्रजीच. म्हणून मराठी नावापुढे कंसात एक इंग्रजी अक्षर द्या. जपानी आणि चिनी विंडोजमध्येही हीच रीत आहे. मग इंग्रजी आणि मराठी दोन्ही लेआउट (कळमांडण्या) लावून प्रत्येक कळ दाबून पाहा. नावं मराठीत टाइप करता करता ऑपरेटर लेआउट बदलत नाही, आणि नेमकी तिथेच कळ मुकी होते. एका खिडकीत एकच अक्षर दोन बटणांना देऊ नका.

मेनूची तपासणी लवकर होते. एफ१० ने मेनूवर जाता यावं, बाणांनी फिरता यावं, एस्केपने एकेक पायरी मागे यावं. एफ१ म्हणजे मदत, हे संकेत १९८७ च्या आयबीएमच्या कॉमन यूजर ॲक्सेस या नियमावलीपासून रुळले आहेत. ते मोडू नका. उजव्या क्लिकवर ठेवलेलं प्रत्येक काम शिफ्ट-एफ१० नेही निघालं पाहिजे. लॅपटॉपवर एफच्या कळा आवाज नि उजेड कमीजास्त करतात, म्हणून महत्त्वाच्या कामाला कंट्रोलची जोडकळही असू द्या.

तक्त्यात अडकायला होतं का ते पाहा. डेटाग्रिडव्ह्यूमध्ये (विंडोज फॉर्म्सच्या तक्त्यात) टॅब एकेका चौकटीतून फिरत राहतो आणि कंट्रोल-टॅब माहीत नसलेला माणूस आतच राहतो. त्याची स्टँडर्डटॅब ही सोय चालू केली की टॅबने बाहेर पडता येतं. फोकस कुठे आहे ते लांबूनही दिसावं: जाड कड आणि गडद रंग. दुपारी खिडकीतून ऊन थेट पडद्यावर येतं, तेव्हा बारीक ठिपक्यांची चौकट दिसत नाही.

मोफत मिळणारं एनव्हीडीए हे स्क्रीन रीडर लावून एक पट्टी डोळे मिटून भरा. ज्या रकान्यावर ते नुसतंच "एडिट" म्हणेल, त्याला नाव जोडायचं राहिलंय.

शेवटी माऊसची वायर काढा आणि पूर्ण चक्कर करा: भरली गाडी, दुसरी गाडी, पहिलीचं खाली वजन, चुकलेलं गाव दुरुस्त, पट्टीची छपाई, दिवसाचा हिशेब. मधेच लाईट गेल्यासारखं मशीन बंद करून परत चालू करा; प्रोग्राम उघडताच कर्सर गाडी नंबरवर हवा. हे सगळं तुम्ही नव्हे, काट्यावर बसणाऱ्याने करायचं. तो जिथे थांबेल तिथे खूण करा, आणि नक्की झालेल्या कळांची मराठी यादी मोठ्या अक्षरात छापून, लॅमिनेट करून, इंडिकेटरच्या बाजूला चिकटवा.