फुलापानांचे घरगुती प्रोजेक्ट बिघडतात ते पाण्यामुळे, या चुका टाळा

वहीत दाबलेली फुलं उघडून बघितली तर तपकिरी, बरणीत हौसेने लावलेली छोटी बाग पंधरा दिवसांत काळी पडून चिकट, रेझिनमध्ये, म्हणजे ओतल्यावर काचेसारखं कडक होणाऱ्या द्रवात, घातलेली गुलाबाची पाकळी महिन्याभरात तपकिरी. हे तिन्ही माझ्याकडे झालंय आणि खूप उशिरा लक्षात आलं की तिन्हीचं मूळ एकच आहे, पाणी. जे वाळवायचं होतं त्यात पाणी राहून गेलं आणि जे जगवायचं होतं त्यातल्या पाण्याला बाहेर जायला वाटच ठेवली नाही. त्यामुळे हल्ली काहीही नवीन करायला घेतलं की कात्री-गोंद हातात घ्यायच्या आधी मी एवढंच बघते की यातलं पाणी जाणार कुठे.

आधी दाबलेल्या फुलांचं सांगते, कारण सगळ्यात जास्त लोक सुरुवात इथूनच करतात आणि सगळ्यात जास्त निराशही इथेच होतात.

पहिली चूक फूल तोडण्याच्या वेळेची. सकाळी दव असताना किंवा पाऊस पडून गेल्यावर लगेच तोडलेलं फूल दाबलं की पाकळ्यांच्या आत आणि बाहेर दोन्हीकडे पाणी असतं. दव पूर्ण सुकल्यावर तोडा, आणि फूल नुकतंच उमललेलं असावं, कोमेजायला लागलेलं फूल दाबून ताजं दिसत नाही. दुसरी चूक कागदाची. गुळगुळीत मासिकाचा कागद पाणी शोषतच नाही. टिपकागद सगळ्यात चांगला, नाहीतर साधा खरबरीत कोरा कागद. टिश्यूवर नक्षी असेल तर ती नक्षी पाकळीवर उमटते, हे मला एका पूर्ण बॅचनंतर कळलं.

पण खरी चूक ही की लोक फुलं पुस्तकात ठेवतात आणि विसरून जातात. पहिल्या २४ तासांत फूल सगळ्यात जास्त पाणी सोडतं, तो कागद भिजतो आणि मग फूल त्याच ओल्या कागदात पडून राहतं. तपकिरी रंग येतो तो तिथेच. पहिल्या दिवशी कागद बदला, मग तीन-चार दिवस रोज बदला, नंतर दोन-तीन दिवसांनी बदलला तरी चालतं. एकूण दोन ते चार आठवडे लागतात. कागद बदलताना पाकळी चिकटलेली दिसली तर ओढू नका, फाटतेच. फुलासकट तो कागद तसाच ठेवा, वरून-खालून नवीन कोरडे कागद लावा आणि परत वजन ठेवा, एक-दोन दिवसांनी ती आपोआप सुटते.

वाळलंय की नाही हे डोळ्यांनी कळत नाही, स्पर्शाने कळतं. चिमट्याने उचलून फूल ओठाला किंवा गालाला हलकेच लावून बघा. गार लागलं तर आत अजून ओल आहे, कारण त्यातलं पाणी उडतंय. खोलीतल्या कोरड्या कागदासारखंच लागलं आणि उचलल्यावर लवलं नाही, ताठ राहिलं, तर झालं. ही एक गोष्ट शिकल्यापासून माझी फुलं वाया जायचं प्रमाण खरंच कमी झालं.

जाड फुलांचं वेगळं. गुलाब किंवा झेंडू अख्खा दाबायचा हट्ट करू नका, मधला गाभा वाळेपर्यंत बाहेरच्या पाकळ्या कुजतात. पाकळ्या सुट्या करून दाबा आणि चिकटवताना परत फूल मांडा, किंवा धारदार ब्लेडने फूल उभं अर्धं कापून दाबा. पॅन्झी, फर्नची पानं, एकेरी पाकळ्यांची चपटी फुलं मात्र अख्खी छान दाबली जातात. घाई असेल तर इस्त्री चालते, पण इस्त्रीतलं पाणी आधी काढून टाका, वाफ अजिबात नको, कमी गरम ठेवा, दोन कागदांच्या मधे दहा-पंधरा सेकंद दाबून उचला, थंड होऊ द्या, परत करा. एकदम एक मिनिट धरलं की रंग गेलाच.

रंगाबद्दल आधीच मनाची तयारी ठेवलेली बरी. पिवळा आणि केशरी बऱ्यापैकी टिकतो, लाल गडद होत जातो, पांढरा हळूहळू क्रीम किंवा फिकट तपकिरी होतो. फ्रेम थेट उन्हात लावली तर कुठलाच टिकत नाही. नीट वाळवून अंधारात ठेवलेली झाडं किती टिकतात याचा अंदाज यायला एवढंच सांगते, झाडं दाबून कागदावर लावून संग्रह करायची पद्धत इटलीत १६व्या शतकात रुजली, पिसाचे वनस्पतिशास्त्रज्ञ लुका गिनी यांना तिचं श्रेय देतात, आणि त्याच शतकात निसर्ग अभ्यासक उलिसे आल्द्रोवांदी यांनी जमवलेला संग्रह बोलोन्यात आजही जपलेला आहे. आणि फ्रेम करताना गोंद! पातळ पाणीदार गोंद अख्ख्या पाकळीला फासला की तीन आठवडे काढलेलं पाणी एका मिनिटात परत आत जातं आणि पाकळी सुरकुतते. टूथपिकच्या टोकाने दोन-तीन ठिपके, बस.

टांगून वाळवणं सोपं आहे पण त्यात तीन गोष्टी हमखास चुकतात. फूल पूर्ण उमलल्यावर टांगतात, मग वाळताना पाकळ्या गळतात, अर्धं उमललेलं घ्या. जाड जुडी बांधतात, मग मधल्या देठांना हवा लागत नाही आणि तिथे बुरशी येते, पाच-सहा देठांची जुडी पुरे. आणि दोऱ्याने बांधतात, पण देठ वाळला की आकसतो आणि अख्खी जुडी खाली पडते, म्हणून रबरबँड लावा, तो देठाबरोबर आवळत जातो. जागा अंधारी, कोरडी आणि हवेशीर हवी, दोन-तीन आठवडे धरा.

हवेतच दमटपणा असेल तर टांगण्यात वेळ घालवू नका, सरळ सिलिका जेल, म्हणजे ओल शोषून घेणारे दाणे, घ्या. फक्त बारीक दाण्यांचं घ्या, पुड्यांमधले मोठे मणी पाकळीवर खड्डे पाडतात. डब्यात आधी थोडं जेल, त्यावर फूल तोंड वर करून, मग चमच्याने बाजूने हळूहळू, पाकळ्यांच्या मधे मधे भरत जायचं, वरून एकदम ओतायचं नाही. झाकण घट्ट. फुलाच्या जाडीप्रमाणे तीन दिवस ते आठवडा. जास्त दिवस ठेवलं की फूल इतकं ठिसूळ होतं की हात लावताच तुटतं. भरताना बारीक धूळ उडते, मास्क लावा, आणि रंग बदलणाऱ्या निळ्या दाण्यांमध्ये बहुधा कोबाल्टचं संयुग असतं, ते विषारी आहे, ते हाताळणं टाळलेलंच बरं. एक गोष्ट बरेचजण विसरतात, असं वाळवलेलं फूल उघड्यावर ठेवलं की हवेतली ओल परत पितं आणि मान टाकतं. काचेच्या बंद फ्रेममध्ये किंवा झाकणाच्या बरणीत ठेवा.

रेझिनवाल्यांना हे सगळं दुप्पट लागू, कारण इथे चूक दुरुस्त करता येत नाही. फूल "वाळल्यासारखं वाटतंय" एवढ्यावर ओतलं की आत राहिलेली ओल पाकळी तपकिरी करते आणि बुडबुडेही येतात. गालाची टेस्ट इथे दोनदा करा. चंदेरी कडा दिसते ती पाकळी आणि रेझिनच्या मधे हवा अडकल्याने, म्हणून आधी फुलाला ब्रशने रेझिनचा पातळ हात द्या, मग साच्यात ठेवून थोडं थोडं ओता. एकदम जाड थर ओतला तर रेझिन स्वतःच्या उष्णतेने तापतं, तडकतं, कधी धूरही येतो, डब्यावर जेवढी जाडी लिहिलीय तेवढीच ओता. रेझिन आणि ते कडक करणारं हार्डनर या दोन भागांचं माप अंदाजाने घेऊ नका, कमी-जास्त झालं तर ते कायम चिकट राहतं, आणि माप वजनाचं लिहिलंय की आकारमानाचं ते नीट वाचा. हातमोजे आणि उघडी खिडकी यात तडजोड नको, एपॉक्सीची, म्हणजे या दोन भागांच्या रेझिनची, त्वचेला एकदा ॲलर्जी बसली की ती जात नाही.

आता जिवंत झाडं.

काचेच्या बंद बरणीतली बाग म्हणजे टेरॅरियम, याची सुरुवात लंडनमधल्या नॅथॅनियल वॉर्ड नावाच्या डॉक्टरांपासून झाली असं मानतात. १८२९ मध्ये त्यांनी एका पतंगाचा कोश ओलसर मातीसकट बंद बाटलीत ठेवला होता, आणि त्या मातीतून फर्न आणि गवत उगवलं. पाणी न घालता ते जवळजवळ चार वर्षं जगलं! १८३३ मध्ये अशाच काचेच्या पेट्यांमधून लंडनहून सिडनीला झाडं पाठवली आणि ती जिवंत पोचली. पण मला त्या पहिल्या बाटलीचा शेवट जास्त महत्त्वाचा वाटतो. झाकण गंजलं, पावसाचं पाणी आत गेलं आणि झाडं मेली. चार वर्षं थेंबभर पाणी न मिळाल्याने मेली नाहीत, जास्त पाण्याने मेली.

आपल्या बरण्यांचं अगदी हेच होतं. बंद बरणीत पाणी उडतं, काचेवर जमतं, खाली उतरतं, ते बाहेर जातच नाही, त्यामुळे "रोज थोडं थोडं" हा हिशोब इथे चालत नाही. लावताना माती हातात दाबली तर गोळा व्हावा पण बोटांतून पाणी निथळू नये, एवढीच ओल पुरे. मग आठवडाभर काच बघत राहा. सकाळी थोडं धुकं येऊन दिवसा गेलं तर सगळं ठीक. दिवसभर चारी बाजूंनी काच धुरकट असेल तर झाकण काढून एक-दोन दिवस उघडं ठेवा आणि आतली काच कापडाने पुसून घ्या, ते पुसलेलं पाणी म्हणजे बाहेर काढलेलं पाणी. धुकं कधीच येत नसेल तर दोन-तीन चमचे पाणी घाला. सडलेलं पान दिसलं की त्याच दिवशी चिमट्याने काढा, बुरशी तिथूनच पसरते.

बंद बरणीत कॅक्टस आणि सक्युलंट (जाड रसाळ पानांची झाडं) लावणं ही दुसरी मोठी चूक, फोटोत कितीही सुंदर दिसलं तरी. त्यांना कोरडी हवा लागते, बंद बरणीत त्यांचा बुंधा पिचपिचीत होतो. तिथे फर्न, फिटोनिया, मॉस अशी ओल आवडणारी झाडं लावा. आणि बरणी थेट उन्हात नको, आत भट्टी होते आणि पानं शिजतात.

यातच एक जुना गैरसमज, की भोक नसलेल्या कुंडीत किंवा मगमध्ये तळाला खडे घातले की पाणी "निघून जातं". जातं कुठे? बाहेर जायला भोकच नाही. उलट खड्यांच्या थराने मातीची उंची कमी होते आणि मातीच्या तळाशी नेहमी राहणारा ओला पट्टा मुळांच्या आणखी जवळ येतो. पटत नसेल तर भांडी घासायचा स्पंज पूर्ण भिजवून आडवा धरा, पाणी टपकायचं थांबेपर्यंत थांबा, मग तोच स्पंज उभा करा. परत पाणी गळायला लागतं. स्पंज तोच, पाणी तेवढंच, फक्त उंची वाढली आणि आतलं पाणी सुटलं. मातीचंही असंच आहे, म्हणून भोक असलेली उंच कुंडी कधीही बरी. आवडता मग वापरायचाच असेल तर ड्रिल करा, नाहीतर आत प्लास्टिकची भोकं असलेली छोटी कुंडी ठेवा आणि पाणी घालताना ती बाहेर काढून निथळून परत ठेवा.

रंगवलेल्या मातीच्या कुंड्यांचे पोपडे निघतात त्यालाही पाणीच कारण. माती ओल बाहेर टाकते आणि ती ओल रंगाला आतून ढकलते. आतून सीलरचे (पाणी अडवणाऱ्या लेपाचे) दोन हात देऊन पूर्ण वाळू द्या, मग बाहेर रंग. पण मग ती कुंडी श्वास घेत नाही, पाणी उशिरा सुकतं, हे लक्षात ठेवून पाणी कमी घाला.

बाटलीत पाण्यावर मनी प्लांट किंवा कोलियस लावताना पेर पाण्यात आणि पान पाण्याबाहेर हवं. मनी प्लांटची मुळं पेरातूनच फुटतात, नुसता देठ बुडवून महिनोन्महिने वाट बघितली तरी त्याला काही येत नाही. बुडलेलं पान कुजून पाणी घाण करतं. पाणी फक्त वरून भरत राहू नका, आठवड्याला पूर्ण बदला, मुळांना हवा लागते आणि शिळ्या पाण्यात ती नसते. बाटलीत हिरवं शेवाळ येत असेल तर उजेड मुळांपर्यंत जातोय, रंगीत बाटली घ्या किंवा बाहेरून कागद गुंडाळा. मातीत हलवायचं असेल तर मुळं चार-पाच सेंटीमीटर झाली की हलवा, फार लांब होऊ देऊ नका, आणि हलवल्यावर पहिले दोन आठवडे माती सुकू देऊ नका, कारण ती मुळं पाण्याला सरावलेली असतात.

कोकेडामा, म्हणजे मॉसमध्ये गुंडाळलेला मातीचा गोळा, त्यावर लोक वरून स्प्रे मारत बसतात. मॉस हिरवं दिसतं आणि आतला गोळा ठणठणीत कोरडा. गोळा हातात घेऊन वजन बघा, हलका लागला की पाण्यात बुडवा, बुडबुडे थांबले की काढा, हलकेच दाबून पूर्ण निथळू द्या आणि मगच टांगा. दोरी निवडताना ओल्या गोळ्याचं वजन धरा.

घरात मांजर असेल तर लिली कुठल्याही प्रोजेक्टमध्ये नको, फूल, पराग, अगदी फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजराच्या किडन्या निकामी करू शकतं. मनी प्लांट आणि डिफेनबेकिया (मोठ्या ठिपकेदार पानांचं शोभेचं झाड) यांच्या चिकाने तोंड जळजळतं, बाळं आणि प्राण्यांच्या हाताशी ठेवू नका.

शेवटचा माझा सगळ्यात लाडका प्रोजेक्ट, सायनोटाइप, म्हणजे रसायन लावलेल्या कागदावर किंवा कापडावर पान ठेवून उन्हात काढलेले निळे ठसे. १८४२ मध्ये इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी ही पद्धत शोधली आणि १८४३ पासून वनस्पती अभ्यासक ॲना ॲटकिन्स यांनी समुद्री शेवाळांचे ठसे याच पद्धतीने काढले. यात ताजं ओलं पान ठेवलं की कागदावर डाग पडतात आणि पान सपाट बसत नाही म्हणून कडा पुसट येतात, तेव्हा आधी दाबून वाळवलेलं पान घ्या आणि वरून काच ठेवा. नंतर पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा, पिवळेपणा राहिला तर पांढरा भाग पुढे निळसर होतो. कापडावर केलं असेल तर सोडा असलेल्या साबणाने धुऊ नका, निळा रंग उतरतो. आणि भिंतीवर लावलेला ठसा उन्हाने फिकट पडला तर टाकून देऊ नका, काही दिवस अंधाऱ्या कपाटात मोकळा ठेवा, निळा रंग बराचसा परत येतो.