चित्रपुस्तक दुसऱ्या देशातल्या भाषेत कसं न्यावं

वापरलेल्या पुस्तकांची खोकी भरून परदेशी पाठवण्यात हौस मोठी असते. पुढे ती बहुतेकदा तिथल्या कपाटातच पडून राहतात, कारण त्यांची भाषा मुलांच्या घरातली नसते. नुकतं अक्षरं जुळवू लागलेलं मूल कानावरून गेलेला शब्द छापील अक्षरांत ओळखतं. शब्दच अनोळखी असेल, तर आपण बरोबर वाचलं की चूक, हे त्याला कळायला मार्ग नसतो. त्यापेक्षा एक चांगलं चित्रपुस्तक तिथल्या भाषेत नेऊन तिथेच छापलेलं बरं.

सुरुवात परवान्यापासून करा. क्रिएटिव्ह कॉमन्स म्हणजे आपलं काम इतरांनी कोणत्या अटींवर वापरावं हे निर्मात्याने आधीच सांगणारे तयार परवाने; अटी ‘बीवाय’, ‘एसए’ अशा अक्षरांनी लिहितात. नुसता ‘बीवाय’ परवाना असेल तर मूळ लेखक-चित्रकारांची नावं देऊन अनुवाद, बदल, छपाई, विक्री सगळं चालतं. ‘एसए’ असेल तर तुमचा अनुवादही त्याच परवान्याखाली द्यावा लागतो. ‘एनसी’ असेल तर व्यापारी वापर बंद; छपाईचा खर्च भरून काढण्यापुरती किंमत लावायची असली तरी हक्कधारकाला आधी लेखी विचारा. ‘एनडी’ दिसलं की ते पुस्तक बाजूला ठेवा, कारण त्याचा अनुवाद प्रसिद्ध करता येत नाही. मजकूर खुला आणि चित्रं मात्र राखीव, असंही आढळतं, दोन्ही तपासा. भारतातल्या प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेचं ‘स्टोरीवीव्हर’ (२०१५) आणि दक्षिण आफ्रिकेतून चालणारं ‘आफ्रिकन स्टोरीबुक’ (२०१४) या संकेतस्थळांवर खुल्या परवान्याची भरपूर पुस्तकं मिळतात.

निवडताना वाचनाची पातळी पाहा. ‘स्टोरीवीव्हर’च्या पहिल्या पातळीत २५०हून कमी शब्द असतात, दुसरीत ६००पर्यंत, तिसरीत १५००पर्यंत. पण अनुवादानंतर हे गणित बदलतं. जिथे प्रत्यय शब्दालाच चिकटतात त्या भाषांत शब्दसंख्या घटते आणि एकेक शब्द लांबलचक होतो, म्हणजे कागदावर सोपं झालेलं पुस्तक वाचायला अवघड होऊन बसतं. तेव्हा शब्द मोजण्यापेक्षा पानावर किती वाक्यं आहेत आणि सर्वांत लांब शब्द कोणता, हे बघा. यमकावर उभी असलेली गोष्ट पहिल्या खेपेला घेऊच नका.

अनुवादाला दोन माणसं लागतात: एक ती भाषा घरात बोलणारा लेखक आणि दुसरा तिथे पहिली-दुसरीला शिकवणारा शिक्षक. फक्त लेखकावर सोडलं तर भाषा सुंदर होते आणि मुलांच्या डोक्यावरून जाते. मूळ गोष्टीत एखादं वाक्य पानोपानी येत असेल, तर अनुवादातही ते अक्षरशः तसंच आलं पाहिजे. नेमक्या याच ठिकाणी चांगले अनुवादक चुकतात: पुनरुक्ती टाळायची म्हणून समानार्थी शब्द पेरतात आणि मुलाचा आधारच काढून घेतात. पात्रांची नावं बदलावीत का, यावर वाद होतात. चित्रात घरं, कपडे, झाडं मूळ जागेची असतील तर नावंही तीच राहू द्यावीत.

लिपी गृहीत धरू नका. पंजाबी भारतात गुरुमुखीत लिहितात, पाकिस्तानात शाहमुखी या अरबी-फारसी वळणाच्या लिपीत. कुर्दीची कुर्मांजी बोली तुर्कस्तानात लॅटिन लिपीत, तर इराकमधली सोरानी अरबी वळणाच्या लिपीत लिहिली जाते. ज्या शाळेत पुस्तक जाणार, तिथल्या पहिलीच्या पाठ्यपुस्तकातली लिपी आणि शुद्धलेखन वापरा. उजवीकडून डावीकडे वाचायच्या लिपीत पानांचा क्रम उलटतो. चित्रं आरशासारखी फिरवायचा मोह होतो, पण मग पाट्यांवरची अक्षरं उलटी होतात आणि उजव्या हाताने जेवणारी माणसं डाव्या हाताने जेवू लागतात.

मांडणी युनिकोड फाँटमध्येच करा, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारख्याच वाचल्या जाणाऱ्या अक्षरसंचात. जुन्या फाँटमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर विस्कटतो, शिवाय अंध मुलांसाठी त्याचं ब्रेल किंवा श्राव्य रूप करणं अवघड जातं. (अशी रूपं देशांच्या सीमा ओलांडून देता यावीत म्हणून २०१३चा मराकेश करार आहे, तो २०१६पासून लागू आहे.) अक्षरं २० ते २४ पॉइंटची ठेवा. ओळ अर्थाच्या तुकड्यावर तोडा, शब्द मध्ये कापू नका. मधोमध पिन मारायची असेल तर पानांची संख्या चारच्या पटीत हवी: ए-४चे ४ कागद दुमडले की १६ पानं होतात. छपाईला चित्रं ३०० डीपीआयची (एका इंचात ३०० ठिपके) लागतात आणि कडेपर्यंत जाणाऱ्या चित्राला चारही बाजूंनी कापणीसाठी ३ मिलिमीटर जादा ठेवावे लागतात. पडद्यासाठीची हलकी फाइल तशीच छापखान्यात दिली, तर चित्रं धूसर उमटतात.

सगळी आवृत्ती छापण्याआधी दोन-तीन नमुना प्रती काढा आणि दहाएक मुलांकडून एकेकट्याने मोठ्याने वाचून घ्या. शंभर शब्दांत पाचपर्यंत चुका झाल्या, तर मूल हे पुस्तक आपलं आपण वाचू शकेल. सहा ते दहा झाल्या तर सोबत कोणीतरी हवं. दहाच्या वर गेल्या, तर पुस्तक त्या वर्गासाठी कठीण आहे. घरच्या बोलीतला उच्चार चूक म्हणून मोजू नका. बरीच मुलं एकाच शब्दावर अडली तर शब्द बदला, मुलांना समजावत बसू नका. शेवटी पुस्तक मिटून गोष्ट सांगायला लावा. धडाधड वाचून काहीच सांगता न येणारी मुलंही भेटतात, आणि तिथे दोष अनेकदा अनुवादात शिरलेल्या पुस्तकी क्रियापदांचा असतो.

वाटताना एकाच पुस्तकाच्या शंभर प्रतींपेक्षा वीस पुस्तकांच्या पाच-पाच प्रती द्या. फाटलेल्या प्रतीची भरपाई मागणार नाही, हे शाळेला लेखी कळवा, नाहीतर पुस्तकं कुलपात जातात. आणि परवाना मोकळीक देत असेल तर मजकूर, चित्रं व मांडणीची मूळ फाइल खुली ठेवा. फक्त पीडीएफ दिली, तर पुढच्या भाषेतल्या माणसाला सगळी मांडणी पहिल्यापासून करावी लागते.