पीएलसी सॉफ्टवेअर: प्रत्येक व्हर्जनला वेगळं व्हर्च्युअल मशीन

पीएलसी म्हणजे कारखान्यातली यंत्रं चालवणारा कंट्रोलर. सीमेन्सच्या टीआयए पोर्टल या पीएलसी प्रोग्रामिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोजेक्ट नव्या व्हर्जनला अपग्रेड केला की तो जुन्यात परत उघडत नाही. रॉकवेलच्या स्टुडिओ ५००० मध्ये प्रोजेक्टशी कंट्रोलरच्या फर्मवेअरची (आतल्या मूळ सॉफ्टवेअरची) मेजर रिव्हिजन, म्हणजे व्हर्जनचा पहिला आकडा, जुळली नाही, तर ऑनलाइन जाताच, म्हणजे कंट्रोलरशी थेट जोडताच, येत नाही. म्हणून प्रत्येक व्हर्जनचं व्हर्च्युअल मशीन (लॅपटॉपच्या आतच चालणारा आभासी संगणक) वेगळं ठेवा आणि त्याच्या नावातच व्हर्जन लिहा. रात्री उत्पादनाची लाइन बंद पडल्यावर शोधाशोध नको. अपग्रेड करायचाच असेल, तर आधी मूळ प्रोजेक्ट अर्काइव्ह करा.

लायसन्सचं दुखणं निराळंच. पैसे मोजूनही कसरत आपल्याच माथी. सीमेन्सची लायसन्स की डिस्कवर असेल, तर लॅपटॉप फॉरमॅट करण्याआधी ती ऑटोमेशन लायसन्स मॅनेजर या सीमेन्सच्याच सॉफ्टवेअरमधून पेन ड्राइव्हवर ट्रान्सफर करा. विंडोजमधून नुसती फाइल कॉपी करून भागत नाही.