गोव्यातल्या कोलवाळच्या तुरुंगातला कैदी आजारी असेल तर: उपचारांसाठी याचिका कशी उभी करावी

‘तुरुंगात नीट उपचार होत नाहीत’ एवढ्या तक्रारीवर न्यायालयाला आदेश देता येत नाही. कुठल्या डॉक्टरने कुठल्या तारखेला काय लिहून दिलं आणि ते का झालं नाही, हे दाखवावं लागतं. म्हणून आधी तारखांचा तक्ता करा. गोमेकॉच्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाच्या) ओपीडीची तारीख, सांगितलेली तपासणी, कैद्याला नेलं की नाही, नेलं नसेल तर कारण. पोलीस एस्कॉर्ट मिळाला नाही म्हणून तारीख चुकली असेल, तर तो दोष आजाराचा नाही, सरकारचा आहे. घटनेच्या कलम 21 चा (जीविताच्या हक्काचा) मुद्दा इथेच सर्वांत भक्कम होतो.

कागद मिळवताना घाई करा. तुरुंग अधीक्षकांना लेखी अर्ज द्या आणि पोचेचा शिक्का घ्या, कारण तोंडी विनंतीचा पुरावा राहत नाही. माहिती अधिकाराच्या अर्जावर ‘कलम 7(1), जीविताशी संबंधित’ असं ठळक लिहा, म्हणजे मुदत 30 दिवसांऐवजी 48 तासांची होते. खासगी माहिती म्हणून नकार येऊ नये यासाठी कैद्याचं सहीचं संमतीपत्र जोडा. रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागितल्यास डॉक्टरने 72 तासांत नोंदी द्यायच्या असतात.

कच्चा कैदी असेल तर ज्या न्यायालयाने कोठडी दिली तिथेच आधी अर्ज करा, हा मार्ग सर्वांत जवळचा. दाद लागली नाही, किंवा कैदी शिक्षा झालेला असेल, तर घटनेच्या कलम 226 खाली पर्वरीला उच्च न्यायालयात. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाच्या 15100 या हेल्पलाइनवर फोन करा. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. आणि कैद्याच्या हातच्या पत्राला कमी लेखू नका. सर्वोच्च न्यायालयातलं सुनील बत्रा प्रकरण (तुरुंगातल्या छळाबद्दलचं) एका कैद्याच्या अशाच पत्रावरून उभं राहिलं.

मागणी नेमकी हवी: ‘सात दिवसांत गोमेकॉत हृदयरोग विभागात तपासणी, एस्कॉर्टसह, आणि अहवाल न्यायालयात.’ ‘योग्य उपचार द्यावेत’ असा आदेश मिळाला तर तुरुंगातल्या दोन गोळ्यांनीही तो पाळला जातो. खासगी हॉस्पिटल मागायचं असेल तर ती सोय गोमेकॉत नाही, असं डॉक्टरचं लेखी हवं.

सरकारच्या प्रतिज्ञापत्रात बहुधा ‘प्रकृती स्थिर’ असतं. शस्त्रक्रिया झाली का, याचं ते उत्तर नव्हे. त्या विषयाचा तज्ज्ञ असलेलं वैद्यकीय मंडळ मागा.

आजारपणाचा जामीन (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम 480) याच याचिकेत मिसळू नका. सुटकेसाठी आजार पुढे केला, असा संशय येतो आणि उपचारांची मागणीही मागे पडते.

आदेश मिळाला की पालनाची तारीख त्यातच घालून घ्या आणि प्रत अधीक्षकांना स्वतः पोचवा. पालन झालं नाही तर अवमान याचिका एका वर्षाच्या आत करायची असते.