टीम विकली जाणार का? बेसबॉलच्या मालकीच्या अफवा कशा वाचायच्या

अमेरिकेत आल्यावर क्रिकेट नाही म्हणून आपण बेसबॉल बघायला लागतो, पहिल्या वर्षी नियम कळत नाहीत, दुसऱ्या वर्षी टोपी घेतो आणि तिसऱ्या वर्षी बाकीच्यांबरोबर आपणही "सेल द टीम" म्हणून ओरडत असतो. मी मिनेसोटातला, म्हणजे ट्विन्सवाला, त्यामुळे हा सगळा प्रकार अगदी जवळून बघितलाय. तर टीम विकली जाणार अशी कुजबुज सुरू झाली की काय बघायचं आणि कशाकडे ढुंकूनही बघायचं नाही, ते सांगतो.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. विकत कोण घेणार ही चर्चा निव्वळ टाइमपास असते, विकणाऱ्याला विकायची गरज किती आहे तिथे खरी बातमी असते. अब्जाधीश काय, लायनीत उभेच असतात. अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये टीम फक्त ३०, आणि मालक लोक त्या सहसा सोडत नाहीत.

दुसरं म्हणजे मतांचं गणित. डील दोन पार्ट्यांमध्ये ठरली म्हणजे झाली असं नसतं, ३० पैकी तीन चतुर्थांश मालकांनी हो म्हणावं लागतं, म्हणजे किमान २३ मतं. त्याआधी लीग नवीन माणसाचे पैसे, कर्ज, मागचा इतिहास सगळं तपासते, आणि टीमचा शेवटचा शब्द ज्याचा, त्याला कंट्रोल पर्सन म्हणतात, तो एकच माणूस ठरवून द्यावा लागतो. न्यूयॉर्क मेट्सचं उदाहरण घ्या. स्टीव्ह कोहेन या अब्जाधीशाची पहिली डील फेब्रुवारी २०२० मध्ये फिसकटली, कारण तेव्हाच्या मालकांना, विल्पन घराण्याला, टीम विकूनही पुढची पाच वर्षं कारभार स्वतःकडेच ठेवायचा होता (पैसे घ्यायचे आणि खुर्चीही सोडायची नाही, वा!). मग कोविड आला, मैदानं बंद पडली, विल्पनचा हात आखडला, आणि तीच टीम त्याच कोहेनने नोव्हेंबरच्या सुरुवातीला सुमारे २.४ बिलियन डॉलरला घेतली. मालकांचं मतदान ऑक्टोबरअखेर, २६ विरुद्ध ४. मधल्या काळात माजी खेळाडू ए-रॉड आणि जेनिफर लोपेझ घेणार म्हणून केवढा गाजावाजा झाला होता, आठवत असेल.

आता ट्विन्सचं सांगतो कारण यात सगळे धडे एकाच ठिकाणी मिळतात. पोहलाड घराण्याकडे टीम १९८४ पासून. १० ऑक्टोबर २०२४ ला त्यांनी सांगितलं की आम्ही विकायचा विचार करतोय. मिनिॲपोलिसमध्ये आनंदीआनंद. काही महिन्यांत जस्टिन इश्बियाचं नाव आलं, फिनिक्स सन्स या बास्केटबॉल टीमचा मालक मॅट इश्बियाचा भाऊ, पैसेवाला, तरुण, आणि आमच्या लोकांनी त्याला मनातल्या मनात गादीवर बसवूनही टाकलं, आता पगारावर किती खर्च होणार, कोणता पिचर आणायचा, याची भांडणंसुद्धा सुरू झाली. बाजारात तुरी म्हणतात ते हेच. फेब्रुवारी २०२५ मध्ये कळलं की इश्बिया शिकागोच्या व्हाइट सॉक्समधला आपला हिस्सा वाढवतोय आणि आमच्याकडे येत नाहीये. मग जुलैअखेरच्या ट्रेड डेडलाइनला (खेळाडूंची अदलाबदल करायची शेवटची तारीख) टीमने स्टार खेळाडू कार्लोस कोरियासकट १० खेळाडू दुसऱ्या टीमना देऊन टाकले, तेव्हा तर सगळे छातीठोकपणे म्हणायला लागले की बघा, नवीन मालकासाठी घर रिकामं करून ठेवतायत, आता आठवडाभरात घोषणा. घोषणा झाली, १३ ऑगस्टला, की टीम विकत नाही, फक्त भागीदारांचे दोन नवे ग्रुप घेतोय आणि कर्ज फेडतोय. बस.

काय समजायचं यातून? टीमवर ४०० मिलियनच्या वर कर्ज आहे अशा बातम्या होत्या, म्हणजे गरज होती, पण ती कर्ज फेडायची गरज होती, टीम सोडायची नव्हती. छोटा हिस्सा विकून ती भागली. म्हणून "लिमिटेड पार्टनर" हा शब्द दिसला की लगेच समजा की पैसे येतील, सत्ता जाणार नाही. जेवढी गरज तेवढीच विक्री.

आता मालकाची गरज कशी ओळखायची ते बघू. सगळ्यात मोठं कारण म्हणजे म्हातारपण, मृत्यू आणि त्याच्याबरोबर येणारा टॅक्स. हे आपल्या लोकांना पटकन कळत नाही कारण भारतात नियम उलटा आहे, वडिलांनी घेतलेला फ्लॅट आपल्याकडे आला आणि आपण विकला तर नफा मोजताना वडिलांची खरेदीची किंमतच धरतात. अमेरिकेत मालक गेला की वारसांसाठी ती किंमत मृत्यूच्या दिवशीच्या बाजारभावावर आणून ठेवतात, म्हणजे मधल्या तीस वर्षांच्या वाढीवरचा कॅपिटल गेन टॅक्स जवळपास गायब (वारसा कर वेगळा, तो विषय इथे नको). बाल्टिमोर ओरिओल्स पीटर अँजेलोसने १९९३ मध्ये १७३ मिलियनला घेतली होती आणि डेव्हिड रुबेन्स्टाइनच्या ग्रुपने ती २०२४ मध्ये १.७२५ बिलियनला घेतली. वाढ साधारण १.५५ बिलियन, त्यावर नुसते २० टक्के धरले तरी ३०० मिलियनच्या वर टॅक्स. ढोबळ हिशोब आहे, सगळी टीम एकट्या अँजेलोसची नव्हती, पण अंदाज आला ना? म्हणूनच जानेवारी २०२४ मध्ये बातमी फुटली तेव्हा डील अशी होती की आधी साधारण ४० टक्के घ्यायचे आणि बाकीचे पीटर गेल्यावर. पीटर बरीच वर्षं आजारी होता. २३ मार्चला तो गेला आणि २७ मार्चला मालकांनी एकमताने मंजुरी दिली.

त्याच घराची दुसरी खूण कोर्टात होती. जून २०२२ मध्ये धाकट्या भावाने, लू अँजेलोसने, थोरल्या जॉनवर आणि स्वतःच्या आईवर केस टाकली होती. घरातली भांडणं कोर्टात गेली की मालमत्तेचे कागद बाहेर येतात, कोणाला विकायचंय कोणाला नाही हे छापून येतं, आणि फॅनसाठी यापेक्षा चांगला माल कुठेच मिळत नाही. लॉस एंजेलिस डॉजर्सचा तेव्हाचा मालक फ्रँक मॅकोर्टचंही तेच, घटस्फोटाच्या केसमध्ये सगळा पसारा उघडा पडला, २०११ मध्ये दिवाळखोरी आणि २०१२ मध्ये २.१५ बिलियनला विक्री. तेव्हा मालकाच्या घरातली केस असेल तर ती वाचा, स्पोर्ट्सच्या पानावरचे दहा लेख सोडले तरी चालतील.

तिसरी जागा म्हणजे स्टेडियमचे कागद. माझ्या मते ही सगळ्यात भरवशाची, पण कंटाळवाणी म्हणून कोणी बघत नाही. लीझ किती वर्षांचं, दुरुस्ती कोणाच्या खिशातून, सरकारचे पैसे येणार की नाही. ओरिओल्सचं कॅम्डन यार्ड्स स्टेडियमचं ३० वर्षांचं नवीन लीझ डिसेंबर २०२३ मध्ये झालं आणि पुढच्याच महिन्यात विक्रीची बातमी, कारण घेणाऱ्याला स्टेडियमची कटकट मिटलेली हवी असते. टॅम्पा बे रेज टीमचं उलट्या दिशेने झालं. ऑक्टोबर २०२४ मध्ये मिल्टन चक्रीवादळाने त्यांच्या स्टेडियमचं, ट्रॉपिकाना फील्डचं, छप्पर फाडलं, तुम्ही फोटो बघितला असेल, वर नुसता सांगाडा उरलेला आणि आत मैदानावर आकाश दिसतंय. मार्च २०२५ मध्ये मालक स्टुअर्ट स्टर्नबर्गने १.३ बिलियनच्या नव्या स्टेडियमच्या करारातून अंग काढून घेतलं. ज्याला पुढची वीस वर्षं टीम चालवायची आहे तो असं करत नाही. जूनमध्ये पॅट्रिक झालुप्स्की या जॅक्सनव्हिलच्या बिल्डरबरोबर बोलणी चालू असल्याचं टीमनेच सांगितलं आणि सप्टेंबरअखेर सुमारे १.७ बिलियनला व्यवहार पूर्ण.

खोट्या खुणा पण सांगतो कारण त्यांनीच जास्त लोक फसतात. मोठे खेळाडू विकले म्हणजे टीम विकणार, हे चूक. आमचं ट्विन्सचं झालंच, पण वॉशिंग्टन नॅशनल्सचं बघा, लर्नर घराण्याने एप्रिल २०२२ मध्ये विकायचा विचार सुरू केला, ऑगस्टमध्ये त्यांचा स्टार खेळाडू हुआन सोटोला सॅन डिएगोला पाठवलं, सगळे म्हणाले झालं आता, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये मार्क लर्नर म्हणतो टीम विक्रीला नाही. ओरिओल्सबरोबरचं टीव्ही हक्कांचं जुनं भांडण मिटलेलं नव्हतं, घोडं तिथेच पेंड खात होतं.

आणि फॅन चिडले म्हणून मालक विकत नाही, हे ऐकायला वाईट वाटेल पण आहे ते आहे. ओकलंडमध्ये १३ जून २०२३ ला तिथल्या ए'ज टीमच्या लोकांनी उलटा बहिष्कार केला, म्हणजे एरवी ओस पडणाऱ्या स्टेडियममध्ये मुद्दाम २७,७५९ लोक आले, अंगात हिरवे टीशर्ट आणि त्यावर एकच शब्द, सेल. पाचव्या इनिंगला पहिला बॅटर आला तेव्हा सगळं स्टेडियम चिडीचूप, आणि तो संपल्यावर एकदम "सेल द टीम". मॅच पण जिंकले, २-१, आणि समोर कोण तर टॅम्पा बे रेज, ज्यांची टीम पुढे दोन वर्षांत खरंच विकली गेली! ए'जचा मालक जॉन फिशरने मात्र विकली नाही, नोव्हेंबर २०२३ मध्ये सगळ्या मालकांनी एकमताने लास व्हेगासला जायची परवानगी दिली. बे एरियातल्या जुन्या मराठी लोकांना आठवत असेल, हीच टीम एकदा फ्रीमॉन्टला येणार होती, २००६ मध्ये घोषणा झाली आणि २००९ मध्ये गुंडाळली. तिथल्या देसी वस्तीत बेसबॉल स्टेडियम म्हणजे काय मजा आली असती राव.

मालकाचं स्टेटमेंट वाचताना काय लिहिलंय त्यापेक्षा कोणाला कामाला लावलंय ते बघा. इन्व्हेस्टमेंट बँक नेमली असेल, तिचं नाव दिलं असेल, तर निदान विषय खरा आहे, पण विक्री नक्की असं नाही. लॉस एंजेलिस एंजल्सचा मालक आर्टे मोरेनोने ऑगस्ट २०२२ मध्ये बँकर नेमला आणि बरोबर पाच महिन्यांनी म्हणाला, नको, राहू दे. "सर्व पर्यायांचा विचार" वगैरे भाषा आपल्याला नवीन नाही, नोव्हेंबर २०२५ मध्ये आरसीबीच्या बाबतीत हेच वाचलं आपण. फरक एवढाच की आरसीबीची तेव्हाची मालक युनायटेड स्पिरिट्स शेअर बाजारात लिस्टेड, त्यामुळे तिला मुंबईच्या एक्स्चेंजला कळवावंच लागलं. बेसबॉलचे बहुतेक मालक खासगी, ताकास तूर लागू देत नाहीत. ठळक अपवाद अटलांटा ब्रेव्ह्जचा, ती लिस्टेड आहे, दर तिमाहीचे आकडे येतात, आणि टीम पैसा कुठून कमावते हे शिकायचं असेल तर तुमची टीम कोणतीही असो, एकदा ते आकडे वाचाच. ब्रेव्ह्जना मैदानाशेजारच्या दुकानं-ऑफिसांमधूनही भाडं येतं ते त्यात दिसतं.

किमतीवरून वाद घालत बसू नका, पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल. फोर्ब्सचा आकडा दर मार्चमध्ये येतो, तो अंदाज असतो. ओरिओल्स जवळपास त्याच भावाला गेली, पण रेजची किंमत फोर्ब्सने १.२५ बिलियन लावली होती आणि गेली १.७ ला. प्रसिद्ध चेहऱ्यांचंही तसंच, मार्लिन्समध्ये डेरेक जीटर, डॉजर्समध्ये मॅजिक जॉन्सन, ओरिओल्समध्ये कॅल रिपकेन, फोटोत हे पुढे, पण मोठा चेक दुसऱ्याचाच.

सराव करायचा असेल तर सॅन डिएगो पॅड्रेस घ्या. १३ नोव्हेंबर २०२५ ला सायडलर घराण्याने विक्रीचा विचार जाहीर केला तेव्हा बरेच जण दचकले, कारण त्याच वर्षी स्टेडियममध्ये ३४ लाखांवर लोक आले होते, विक्रमी. पण मागे जाऊन बघा. मे २०२३ मध्ये लोकल टीव्ही कंपनीच्या दिवाळखोरीत त्यांचे टीव्हीचे पैसे गेले. नोव्हेंबर २०२३ मध्ये पीटर सायडलर, ज्याला टीमचं खरं वेड होतं, तो गेला. जानेवारी २०२५ मध्ये त्याच्या बायकोने दिरांवर टेक्सासच्या कोर्टात केस केली. वर खेळाडूंबरोबरचा करार १ डिसेंबर २०२६ ला संपणार, म्हणजे लॉकआउटची (मालकांनी खेळच बंद ठेवण्याची) टांगती तलवार. आता सांगा, भरलेलं स्टेडियम बघायचं की हे?

रोज उठून ही भानगड बघायची गरज नाही हो. तुमच्या मालकाचं वय, घरातली केस, लीझ कधी संपतं आणि टीव्हीचा करार कोणाबरोबर, एवढं एकदा कागदावर लिहून ठेवा, यातलं काही हललं तरच कान टवकारा, आणि मालकांच्या मीटिंगची तारीख लागेपर्यंत नव्या जर्सीचे पैसे भरू नका. व्हाइट सॉक्सवाल्यांना तर सुट्टीच आहे. त्यांचा मालक जेरी राइन्सडॉर्फ आणि आमच्या हातून निसटलेला तो इश्बिया यांचा करार जून २०२५ मध्येच जाहीर झालाय, २०२९ ते २०३३ मध्ये जेरीला वाटलं तर तो विकू शकतो, आणि २०३४ च्या सीझननंतर इश्बियाला वाटलं तर तो घेऊ शकतो, त्यामुळे २०२९ पर्यंत कोणी काही सांगितलं तर हो हो म्हणायचं आणि स्कोअर बघायचा.