शब्द वाढवायचे तर ‘प्राइड अँड प्रेजुडिस’ कशी वाचावी

जीआरईचा, म्हणजे परदेशात पुढचं शिक्षण घ्यायला द्यायच्या परीक्षेचा, फॉर्म भरायच्या आधीच कुणीतरी सीनियर शब्दांची पीडीएफ पाठवून देतो. बहुतेकांची गाडी बी-सीच्या आसपास अडते. जे नेटाने पुढे जातात त्यांचा अर्थ तोंडपाठ होतो, पण वाक्यात शब्द समोर आला की गडबड होतेच. मी मराठी माध्यमातली. यादी पाठ करण्यात मी कुणाला हार गेले नसते, पण या परीक्षेत नुसत्या पाठांतराला आता फारशी किंमत उरलेली नाही. विरुद्धार्थी शब्द आणि अ‍ॅनॅलॉजी (शब्दांच्या जोड्यांमधलं नातं ओळखायचे प्रश्न) 2011 सालीच गेले. सध्या व्हर्बलचे, म्हणजे इंग्रजी भाषेचे, 27 प्रश्न असतात आणि त्यात शब्दांची परीक्षा होते ती रिकाम्या जागांमधून. एका प्रकारात तर सहा पर्यायांतून असे दोन निवडायचे, की कुठलाही घातला तरी वाक्याचा अर्थ तोच राहावा. शब्द कौतुकाचा आहे की टोमण्याचा, हे कळल्याशिवाय तिथे निभाव लागत नाही, आणि यादीत ते लिहिलेलं नसतं.

म्हणून कादंबरी वाचायची. कोणती, यावर मात्र माझं मत ठाम आहे. पुष्कळ जण डिकन्स सुचवतात. डिकन्स मला प्रिय आहे, पण शब्दांसाठी पहिलं पुस्तक म्हणून नको. त्याच्याकडे वस्तूंचे, धंद्यांचे, कपड्यालत्त्याचे शब्द मुबलक, पण त्यातले बरेचसे एकदा भेटतात आणि गायब होतात. जेन ऑस्टिनचं उलटं आहे. 1813 साली आलेल्या ‘प्राइड अँड प्रेजुडिस’मध्ये घराचं, जेवणाचं, कपड्यांचं वर्णन अगदी बेताचं. माणसांच्या स्वभावाचे आणि वागण्याचे ठरावीक शब्द मात्र ती पुन्हा पुन्हा, दर वेळी वेगळ्या माणसाला लावून वापरते. एखादा माणूस चार निरनिराळ्या घरांत भेटला की ओळख पक्की होते, तसं या शब्दांचं होतं. शिवाय परीक्षेलाही नेमके असेच शब्द लागतात.

‘फास्टिडिअस’ घ्या. तिसऱ्या प्रकरणात नाच चालू आहे आणि कादंबरीचा नायक डार्सी एका बाजूला उभा आहे. आपल्या सोबतच्या दोघी सोडल्या तर इथल्या कुठल्याही बाईबरोबर नाचणं ही शिक्षाच, असं तो म्हणतो. त्यावर त्याचा मित्र बिंगली म्हणतो, अख्खं राज्य मिळालं तरी तुझ्याइतका फास्टिडिअस मी होणार नाही. लगेच चौथ्या प्रकरणात लेखिका स्वतः डार्सीचं वर्णन करते: हॉटी (haughty, म्हणजे गर्विष्ठ), रिझर्व्ह्ड (मोकळेपणाने न मिसळणारा) आणि फास्टिडिअस. पहिल्यांदा मित्राचा चिडवण्याचा सूर, दुसऱ्यांदा लेखिकेचा थंड निवाडा. नाकावर माशी बसू न देणारा, कशालाही सहजी पसंती न देणारा माणूस डोळ्यांसमोर उभा राहतो आणि हा शब्द पुन्हा डिक्शनरीत शोधावा लागत नाही.

‘व्हॅनिटी’ तर पुस्तकभर प्रवास करतो. पाचव्या प्रकरणात बेनेट बहिणींपैकी पुस्तकी मेरी सगळ्यांना ऐकवते की प्राइड आणि व्हॅनिटी वेगळे: आपण स्वतःला काय समजतो ते प्राइड, लोकांनी आपल्याला काय समजावं ते व्हॅनिटी. कुणी तिच्याकडे लक्ष देत नाही, वाचकही देत नाही. छत्तिसाव्या प्रकरणात डार्सीचं पत्र वाचून झाल्यावर मेरीची बहीण आणि कादंबरीची नायिका एलिझाबेथ स्वतःलाच सुनावते, की माझा मूर्खपणा प्रेमापोटी नव्हता, व्हॅनिटीपोटी होता. तिथे थांबा आणि पाचवं प्रकरण परत काढा.

आता सावधगिरीचं. पुस्तक दोनशे वर्षांहून जुनं आहे, काही शब्दांनी त्यानंतर कूस बदलली आहे. एलिझाबेथ आपली थोरली बहीण जेन हिच्या ‘कॅन्डर’चं कौतुक करते ते ती सगळ्यांमधलं चांगलंच बघते आणि वाइटाबद्दल बोलत नाही म्हणून. आज कॅन्डर म्हणजे स्पष्टवक्तेपणा, म्हणजे जवळपास उलटच! परीक्षेत आजचाच अर्थ धरायचा. ‘कॉन्डिसेन्शन’चीही तीच गोष्ट. बेनेटांचा नातलग, पाद्री कॉलिन्स आपल्या आश्रयदात्या लेडी कॅथरिनच्या अफॅबिलिटीचे (मनमिळाऊपणाचे) आणि कॉन्डिसेन्शनचे गोडवे गातो, कारण एवढी मोठी बाई आपल्याशी खाली उतरून बोलते याचंच त्याला अप्रूप. आज तोच शब्द कुणाला लावला तर तो माणूस समोरच्याला कमी लेखतो, असा अर्थ होतो. लेखिका मात्र तेव्हाच कॉलिन्सला हसत होती.

‘एन्टेल’ हा कायद्याचा शब्द आधीच समजून घ्या. बेनेटांची इस्टेट मुलींना मिळणार नाही, ती वंशातल्या पुरुषाकडे, म्हणजे कॉलिन्सकडे जाणार. घरात पाच मुलीच. हे कळलं की आईची लग्नाची घाई नुसती हास्यास्पद वाटत नाही.

माझी पद्धत सांगते. प्रकरणं 61 आहेत, बहुतेक छोटी. पहिलं तर लोकलमध्ये ठाण्याहून दादर येईपर्यंत संपतं. पहिल्या वाचनात डिक्शनरी उघडायची नाही, फक्त खूण करायची. शब्द पुन्हा आला तरच अर्थ बघायचा. एकदाच येणाऱ्या बग्ग्यांची नावं खुशाल सोडून द्या. वहीत अर्थ एका ओळीत, पण कोण, कुणाबद्दल, कोणत्या सुरात म्हणालं हे नक्की लिहायचं. प्रोजेक्ट गुटेनबर्ग या वेबसाइटवर पुस्तक फुकट आहे. त्या फाइलमध्ये ‘सिव्हिलिटी’ (civility, सौजन्य) सर्च करून बघा. भली मोठी यादी निघते आणि त्यात मनापासूनची सिव्हिलिटी किती, वरवरची किती, हे निवडत बसलात तर अर्धा तास सहज जातो. लिब्रिव्हॉक्सवर ऑडिओही मोफत आहे. आमच्यासारख्या, इंग्रजी डोळ्यांनी शिकलेल्यांना त्याचा उच्चारासाठी फार उपयोग होतो.

पहिल्या पन्नास पानांत कंटाळा आलाच, तर थेट एकोणिसावं प्रकरण उघडा. कॉलिन्स लग्नाची मागणी घालतो ते. नकार त्याच्या डोक्यात शिरतच नाही. लांबलचक वाक्यांची भीती तिथे हसता हसता जाते, मग मागे येऊन सुरुवात करा.

एवढ्यावर परीक्षा निघेल असं मात्र समजू नका. जीआरईचे उतारे विज्ञान, समाजशास्त्र, कलासमीक्षा असे कुठलेही येतात आणि ‘एम्पिरिकल’ (निरीक्षणावर, प्रयोगावर आधारलेलं) सारख्या शब्दांशी ऑस्टिनला काही देणंघेणं नव्हतं. त्यासाठी इंग्रजी नियतकालिकांतले लांब लेख रोज एक तरी हवेतच. मी सकाळी लेख आणि रात्री कादंबरी असं ठेवलं होतं. उलट क्रमाने लेख नेहमी राहून जायचा.